दुरुस्तीची बखर

यंत्रांचा इतिहास लिहिणारांची एक जुनी खोड आहे. यंत्र कोणी शोधले, कारखाना कोणत्या साली निघाला, पहिला नमुना कोणाच्या हस्ते बाहेर पडला, हे सारे ते कसोशीने नोंदवितात. पुढे ते यंत्र तीस-चाळीस वर्षे कोणी चालते ठेवले, हा प्रश्न मात्र त्यांच्या लेखी उरतच नाही. जन्मपत्रिका मांडली की चरित्र संपले, अशातलाच हा प्रकार! वस्तुतः माणसाप्रमाणे यंत्राचेही आयुष्य जन्मानंतरच सुरू होते, आणि त्या आयुष्याची कथा कारखान्यात घडत नाही. ती रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, तेलकट हातांनी लिहिली जाते. हिंदुस्थानातील मोटारगाडीच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे.

ही गोष्ट मनात येण्यास एक वही कारण झाली. लाल कापडी बांधणीची, मुनीम लोक वापरतात तसली ती चोपडी आहे. आमचे घराणे उज्जैनचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपले ठाणे ग्वाल्हेरजवळ लष्करला हलविले, तेव्हा मागे राहिलेल्या मराठी मंडळींपैकी आमचे पूर्वज. वडिलांनी १९८४ साली एक वापरलेली मोटार विकत घेतली. ती कोणत्या बनावटीची हे सांगण्याचे कारण नाही. त्या काळी निवड करण्याजोगे प्रकार बोटांवर मोजण्याइतकेच होते. गाडी घरी आली त्या दिवसापासून वडिलांनी या वहीत चार रकाने आखले: तारीख, किलोमीटर, काम, खर्च. अक्षर बारीक, मजकूर त्रोटक. ‘प्लग साफ केले. पॉइंट घासले.’ ‘पुढच्या ब्रेकची रबरे बदलली.’ ‘उन्हाळा. इंदूर रस्त्यावर गाडी बंद. पंपावर ओले फडके. वीस मिनिटे.’

गाडीच्या अंतरमापकाला आकडे पाचच. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून आरंभ! त्यामुळे अशी गाडी पाहणाऱ्यास तिने एक फेरा मारला आहे की तीन, हे तिच्या तोंडावरून कळत नाही. वडिलांनी प्रत्येक फेरा पुरा होताच समासात तांबड्या शाईने एक उभी रेघ ओढली आहे. अशा रेघा दोन आहेत. तिसरा फेरा निम्म्याच्या जवळ आला असताना, गेल्या उन्हाळ्यात इंदूरहून परत येताना गाडी नानाखेड्यापाशी थांबली, आणि तिला चालू ठेवावे की भंगारात द्यावे हा प्रश्न घरात उभा राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वही पहिल्या पानापासून वाचली, आणि लक्षात आले की हा जमाखर्च आपल्या एकट्याच्या घरचा नाही.

*

मोटारी मुंबईत आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. आरंभी तो धनिकांचा व संस्थानिकांचा शौक होता. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचे यंत्रांचे वेड तर प्रसिद्धच आहे. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी रुळांवरून पाहुण्यांपुढे जिन्नस नेत असे. पुढे १९२६ साली फोर्ड कंपनीची हिंदी शाखा निघाली, आणि १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीस गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. जुळविण्याचा, बनविण्याचा नव्हे. भाग पेट्यांत भरून समुद्रावरून यावयाचे आणि येथे त्यांची गाडी व्हावयाची. अर्थात एखादा भाग मोडला तर त्याची जागा घेणारा भागही समुद्रावरूनच यावयाचा.

या परावलंबनाची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. जहाजे युद्धकार्यास लागली, खाजगी गाड्यांची आयात जवळजवळ थांबली, आणि पेट्रोलवर नियंत्रण आले. तेव्हा देशभर मोटारबसच्या मागे वा बाजूस लोखंडी भट्ट्या दिसू लागल्या. त्यांत लोणारी कोळसा जाळून निघणारा वायू इंजिनास पुरविला जाई. चालकाला पहाटे उठून आधी भट्टी पेटवावी लागे; चढावर गाडीचा दम उखडे; वायूतील डांबर आणि राख आत जाऊन व्हॉल्व्ह चिकटत, म्हणून इंजिन वारंवार उघडावे लागे. आजच्या भाषेत ज्याला पर्यायी इंधन म्हणतात ते या देशाने असे गरजेपोटी वापरून पाहिले. आपल्या मिस्त्री वर्गाचे पहिले मोठे शिक्षण या भट्ट्यांच्या धुरात झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

देशातच मोटार बनवावी ही कल्पना त्यापूर्वीच निघाली होती. सर विश्वेश्वरय्यांनी १९३० नंतरच्या दशकात मुंबईसाठी तशी योजना आखली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली, अमेरिकेत बोलणी केली आणि क्रायस्लर कंपनीशी करारही केला. परंतु परकीय सरकारची अनुकूलता त्यांना लाभली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. तिकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ सालीच निघाली होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने तयार गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने घातली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे ठरले की, ज्यांना येथे खरोखर उत्पादन करावयाचे आहे त्यांनीच धंद्यात राहावे. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी आपला गाशा गुंडाळला. उरले ते मुख्यतः तीन मोटार कारखाने: कुर्ल्याचा प्रीमियर, बंगालमधील उत्तरपाड्याचा हिंदुस्थान आणि मद्रासचा स्टँडर्ड. इटलीच्या फियाट कंपनीचे अकराशे नावाचे चारचाकी घराणे कुर्ल्यास नांदू लागले. इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड ही १९५८ पासून अँबॅसडर या नावाने उत्तरपाड्याहून येऊ लागली. कारखाने थोडे, उत्पादन परवान्याने बांधलेले, आणि मागणी मात्र वाढती. परिणामी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याची पाळी आली. नोंदणी मुलाच्या मुंजीच्या वेळी करावी आणि गाडी त्याच्या लग्नात यावी, असा विनोद लोक करीत.

या दुर्भिक्षाची निंदा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यही आहे. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की, जो योजणारांच्या स्वप्नातही नसावा. कुर्ल्याची ती फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि अंगभर किरकोळ फेरफार सोसून शतक पालटेपर्यंत त्याच सांगाड्यावर बनत राहिली. अँबॅसडर तर २०१४ पर्यंत निघत होती. म्हणजे आजोबाच्या गाडीचा भाग नातवाच्या गाडीस बसावा! एका हाताखाली शिकलेला मिस्त्री आयुष्यभर तेच इंजिन उघडी, आणि त्याचा शिष्यही तेच. दहा वर्षांत नमुना बदलणाऱ्या देशांत ज्ञान पुस्तकात ठेवावे लागते; येथे ते हातांत मुरले. सुटे भाग मुंबईच्या चोरबाजारापासून गावोगावच्या भंगाराच्या दुकानांपर्यंत मिळू लागले. गाडी नवी मिळत नसे, परंतु जुनी मरतही नसे.

*

या कथेचा एक निराळा अध्याय गोमंतकात घडला. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. तेथील आयातीचे नियम निराळे, आणि पन्नाशीच्या दशकात लोहखनिजाच्या व्यापाराने हाती पैसा आलेला. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा समुद्रावाटे येणाऱ्या परदेशी मालाचा ओघ उलट वाढला. त्यामुळे घाटावर जेव्हा दोन-तीनच प्रकारच्या गाड्या दिसत, तेव्हा पणजी-मडगावच्या रस्त्यांवर जर्मन, इंग्रज, अमेरिकन अशा नाना बनावटीच्या मोटारी धावत होत्या.

मुक्तीनंतर गोव्यास भारताचे आयातनियम लागू झाले आणि या गाड्या एका रात्रीत अनाथ झाल्या. त्यांची माहेरे दूर राहिली. नवा भाग मागवावा तर परवाना नाही, परवाना मिळाला तर परकीय चलन नाही. मग या गाड्यांचे झाले काय? त्या चालत राहिल्या. आमच्या आईचे माहेर फोंड्याकडचे. लहानपणी मडगाव स्टेशनावर उतरले की आम्हांस न्यावयास येणारी टॅक्सी अशीच एक पोर्तुगीज काळातील थोराड जर्मन गाडी होती. तिच्या एका दारास आतून दोरी बांधलेली असे, आणि इंजिनावरील अर्धेअधिक भाग दुसऱ्याच कुळातले होते. चालकमामांना विचारले, तर ते हसून म्हणत, ‘‘बाय, हिचें नांव तितलें पोरनें उरलां, हेर सगळें नवें.’’ आमच्या बालबुद्धीस तो विनोद वाटे. पुढे तर्कशास्त्राच्या पुस्तकात वाचावयास मिळाले की, फळी फळी बदललेले जहाज तेच राहते काय, हा प्रश्न ग्रीक तत्त्वज्ञांनीही विचारला होता. फोंड्याच्या वाटेवर त्याचे उत्तर रोज दिले जात होते.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, क्युबा बेटावर, अगदी असाच प्रसंग ओढवला. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापार तोडला. १९६२ पासून बंदी संपूर्ण झाली. तेथील अमेरिकन गाड्या त्यांच्या भागांना मुकल्या. त्यांनाही तेथील कारागिरांनी रशियन गाड्यांची इंजिने बसवून, नळ्या ठोकून, पत्रे जोडून साठ वर्षे चालविले. आज प्रवासी त्या गाड्यांची छायाचित्रे घेऊन येतात. गोव्याच्या गाड्यांची छायाचित्रे फारशी कोणी घेतली नाहीत. त्या कामात होत्या, आणि कामातच झिजल्या.

*

जुनी गाडी चालवावयाची म्हणजे काय करावयाचे, हे वडिलांच्या वहीतून जितके कळले तितके कोणत्याही ग्रंथातून कळले नसते. वहीच्या अखेरच्या पानांवर त्यांनी दोन याद्या केल्या आहेत. एकीचे शीर्षक ‘चालेल’ आणि दुसरीचे ‘चालणार नाही’.

‘चालेल’ या यादीत: मागच्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. घड्याळ बंद. थोडे तेल गळते, पण दर रविवारी पातळी पाहणे. छताचे कापड लोंबते. थंडीत पहिल्या किल्लीस सुरू होत नाही. ‘चालणार नाही’ या यादीत: ब्रेक खाली जाणे. सुकाणूस मोकळेपणा येणे. टायरची तार दिसणे. पाण्याचा काटा तांबड्याकडे जाणे. पेट्रोलचा वास. पहिल्या यादीत एके काळी एकोणीस बाबी होत्या. दुसरीतील एकही बाब दोन दिवसांहून अधिक काळ राहिलेली नाही. प्रत्येकीपुढे दुरुस्तीची तारीख आहे.

या दोन यादींतील भेद ओळखणे हेच जुनी वस्तू बाळगण्याचे सारे शास्त्र होय. जो प्रत्येक खडखडाटास घाबरतो, त्याची गाडी कारखान्यातच राहते. जो कोणत्याच आवाजाकडे लक्ष देत नाही, तो एक दिवस घाटात राहतो. मधला मार्ग लक्ष देण्याचा आहे. मिस्त्री मंडळींनी हे लक्ष देणे एका विद्येच्या पदवीस नेले. इंजिनाचा प्लग काढून त्याचा रंग पाहावा: काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त व हवा कमी, पांढरट भाजलेला असेल तर उलट, आणि बदामी असेल तर तब्येत उत्तम. धूर निळा दिसला तर तेल जळते आहे, काळा दिसला तर पेट्रोल वाया जाते आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरा लोट येत राहिला तर पाणी आत शिरते आहे. पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाशी धरली, की कोणता भाग कुरकुरतो हे कळते. वैद्याने नाडी पाहावी, जीभ पाहावी, छातीस कान लावावा, त्यापेक्षा हे निराळे काय आहे?

उपचारही तसेच. सिलिंडर झिजला तर तो टाकून न देता त्याचे बोअरिंग करावयाचे आणि वाढीव मापाचा पिस्टन घालावयाचा. तेवढीही जाडी उरली नाही तर आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवून मूळ मापावर यावयाचे. मागच्या पाट्यांची कमान सपाट झाली तर त्या लोहाराकडे नेऊन पुन्हा वळवावयाच्या. टायर गुळगुळीत झाले तर रिमोल्ड करावयाचे. एस.टी. मंडळाने तर ही रीत सार्वजनिक केली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली बस निघाली, आणि पुढे दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळांतून गाड्यांचे सांगाडे आणि अंगे नव्याने बांधण्याचे काम होऊ लागले. खेड्यापाड्यांतील मुले शहराकडे गेली, रुग्ण दवाखान्यास पोहोचले, ते असल्या डागडुजी केलेल्या गाड्यांतून.

या विद्येत नुसती काटकसर आहे असे समजणे चूक होईल. अमेरिकेत इर्व्ह गॉर्डन नावाचे एक शाळामास्तर होऊन गेले. त्यांनी १९६६ साली व्होल्वो बनावटीची एक गाडी घेतली आणि तीच आयुष्यभर चालविली. २०१३ साली तिने ३० लक्ष मैलांचा पल्ला ओलांडला. एका मालकाने एका गाडीत इतका प्रवास केल्याचा तो विक्रम ठरला. त्यांच्याजवळ कोणतीही जादू नव्हती. तेल वेळेवर बदलावयाचे, पुस्तकात सांगितलेली देखभाल चुकवावयाची नाही, आणि आवाज बदलला तर ऐकावयाचे, एवढेच ते करीत. त्यांच्या देशात नवी गाडी सहज मिळत होती, तरी त्यांनी हे केले. टंचाईने आपणांस जे शिकविले, ते त्यांनी समृद्धीत राहून निवडले.

*

उज्जैनीत राहणारास या विचाराचे एक फार जुने उदाहरण डोळ्यांपुढे असते. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात पाच वेधशाळा बांधल्या: दिल्ली, जयपूर, काशी, मथुरा आणि उज्जैन. चुन्या-विटांची ती यंत्रेच होत. पुढे त्यांची आबाळ झाली. उज्जैनची वेधशाळा माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त करविली. नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे या ज्योतिर्विदांच्या आग्रहाने ते काम झाले, आणि आपटे हेच तिचे पहिले अधीक्षक झाले. आज तेथे शंकुयंत्राची सावली पडते आणि येणारे विद्यार्थी त्यावरून वेळ काढतात. मथुरेची वेधशाळा मात्र १८५७ च्या थोडे आधीच पाडली गेली. तिचा आता मागमूस नाही. बांधणारा दोन्ही ठिकाणी एकच. फरक पडला तो दुरुस्त करणाराने. जयसिंगाचे नाव सर्वांस ठाऊक आहे. आपट्यांचे नाव उज्जैनीतही किती जण सांगतील?

परंतु वेधशाळेचा दाखला मोटारीस पूर्णपणे लागू पडत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शंकुयंत्र धूर सोडीत नाही. जुन्या गाडीचा धूर मात्र शेजाऱ्याच्या पोराच्या छातीत जातो. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत. ते विष हवेत पसरे. देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये, आणि ते योग्यच झाले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकी मात्र त्या शिशाच्या लेपावर टिकून होत्या. शिसे गेल्यावर त्या झिजू लागल्या. वहीत २००२ सालची नोंद आहे: ‘हेड उतरविले. कडक बैठका बसविल्या. आता नवे पेट्रोल चालेल.’ एका ओळीत एक सारे स्थित्यंतर सामावले आहे. सरकारने हवा शुद्ध केली, आणि गल्लीतल्या लेथवाल्याने जुन्या गाडीस त्या शुद्ध हवेत राहण्याजोगे केले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीही त्याच सुमारास आपल्या पद्मिनींच्या डिकीत वायूच्या टाक्या बसविल्या. साठ वर्षांपूर्वीची कोळशाची भट्टी निराळ्या रूपाने परत आली, आणि या खेपेस ती धूर कमी करण्यासाठी आली.

आता नवा प्रसंग इथेनॉलचा आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदे यांस ते मानवत नाही. ते पाणी ओढून घेते आणि पत्र्याची टाकी आतून गंजवते. यावरही उपाय आहेत. नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या घालता येतात, पडदा बदलता येतो, गाडी महिनोन् महिने उभी न ठेवता टाकी ताजी ठेवता येते.

कायदाही बदलला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची ठरविली. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. त्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० झाले. गाड्या मोडीत काढण्याचे धोरण २०२१ सालचे. मुंबईत टॅक्सीस २० वर्षांची मर्यादा होती. त्यामुळे २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. उलटपक्षी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांस २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी मान्यता दिली. मात्र त्या नित्याच्या वापरास नाहीत. म्हणजे अतिवृद्धांस सन्मान आहे, तरुणांस रस्ता आहे, आणि मधल्या म्हाताऱ्यांनी आपली उपयुक्तता दर पाच वर्षांनी सिद्ध करावयाची आहे. मला यात अन्याय दिसत नाही. ज्याच्या ‘चालणार नाही’ या यादीत धूर लिहिलेला नाही, त्याने ती यादी अपुरी केली आहे.

*

नानाखेडा हे उज्जैनचे दक्षिणेकडचे तोंड. इंदूरहून येणारा येथूनच शहरात शिरतो. मोठा बसतळ असल्यामुळे दिवसभर गाड्यांची वर्दळ असते. मध्यप्रदेशचे सरकारी परिवहन मंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि २००५ साली ते गुंडाळण्याचा निर्णय झाला. त्यानंतर रस्ते खाजगी बसवाल्यांचे झाले. बसतळ असेल तेथे पंक्चरवाला, वेल्डिंगवाला आणि फिटर असावयाचेच.

ज्येष्ठातील दुपार होती. गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मी बॉनेट उघडून, वहीतील उपदेशास अनुसरून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकले. कारण उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ धरली की पंप ते ओढू शकत नाही, आणि गारवा मिळताच वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. वीस मिनिटे गेली, गाडी हलेना. तेव्हा शेजारच्या टपरीतून एक वृद्ध मिस्त्री उठून आले. त्यांनी पंपाकडे पाहिलेही नाही. ढाकण उघडून त्यांनी पॉइंटचे टोक नखाने चाचपले, खिशातून पॉलिश कागदाचा तुकडा काढून ते घासले, आणि दोहोंमधील फट मोजावयास खिशातील पोस्टकार्डाची कड वापरली. किल्ली फिरविताच गाडी सुरू झाली. पाच मिनिटांचे काम! मी पैसे विचारले, तर म्हणाले, ‘‘भैयाजी, इस मशीन को हाथ लगाए बरसों हो गए. आज के पैसे रहने दो.’’

त्यांच्या टपरीत काम करणारा मुलगा मागे उभा राहून पाहत होता. त्याच्या हातात मोबाइल होता आणि नव्या गाड्यांचा दोष सांगणारे एक उपकरण. त्याने विचारले, हा भाग कसला? म्हाताऱ्याने त्यास सांगितले, आणि सांगता सांगता ढाकण पुन्हा उघडले. मुलाने स्वतः नखाने ती फट चाचपून पाहिली.

घरी येताना माझ्या मनात जो प्रश्न होता त्याचे रूपच पालटले. ही गाडी चालावी की नाही, हा प्रश्न लहान आहे. ती एक दिवस थांबणारच. परंतु तिला उघडू शकणारे हात तिच्या आधी थांबले, तर आपण केवळ एक यंत्र गमावीत नाही. कोळशाच्या भट्टीपासून शिसेविरहित पेट्रोलापर्यंत एका देशाने जे हातांनी शिकून ठेवले, त्याचा कोठेही लेख नाही. कारखान्यांचे अहवाल ग्रंथालयांत आहेत. गॅरेजांचे अहवाल मिस्त्र्यांच्या बोटांत आहेत, आणि बोटे वृद्ध होत आहेत.

आम्ही गाडी ठेवली. तपासणीस नेली, धुराचे प्रमाणपत्र घेतले, नूतनीकरणाचे शुल्क भरले. रोजच्या कामास ती आता काढीत नाही. आठवड्यातून एकदा, टाकी शिळी होऊ नये एवढ्यापुरती. शिवाय एक नवा नेम धरला आहे. दर महिन्यात एका रविवारी नानाखेड्याच्या त्या मिस्त्र्यांकडे जावयाचे, ते जे सांगतील ते लिहून घ्यावयाचे. वडिलांच्या वहीत तीस-पस्तीस पाने कोरी होती. त्यांतील अकरा आतापावेतो भरली आहेत.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही असेल, कोणाच्या गावी असा एखादा वृद्ध कारागीर असेल, तर त्यांस एवढीच विनंती आहे की, रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी ती वही एकदा उघडून पाहावी, आणि त्या कारागिराजवळ घटकाभर बसावे. बखरी राजांच्याच असतात असे थोडेच आहे?